आज आलेली नाही

मुलीचं नाव माईकवरून पुकारलं गेलं तेव्हा बोलायच्या बाईंच्या हातात ताटली होती आणि ताटलीत फीत कापायची कात्री. हात असा काही हलला की कात्री खणकन वाजली आणि शेजारी उभ्या असलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी मान वळवून पाहिलं. मुख्याध्यापिकांनी नाव पुन्हा घेतलं, या खेपेला आडनावासकट, तुकडीसकट. “लाजायचं काही कारण नाही बेटा, पुढे ये. बोलायच्या बाईंकडे जाणारी आपली मुलं आजचे मानकरी आहेत. नव्या कक्षाची फीत तुम्हीच कापायची.” मैदानावर उभी असलेली अख्खी शाळा नववीच्या रांगांकडे बघायला लागली. हसू आधी मागे कुठेतरी फुटलं, मग ते रांगांमधून वाट काढत पुढे आलं. पुढे उभ्या असलेल्या पाचवीच्या पोरांना कशाला हसायचं तेही ठाऊक नव्हतं, पण तीही हसली. मुलगी रांगेच्या मध्यावर होती. चौथऱ्यावरून बाईंना ती स्पष्ट दिसत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, दुकान बंद झाल्यावर फळीवर उरतं तेवढंसुद्धा.

बोलायच्या बाई हे नाव पोरांनी ठेवलेलं. खात्याच्या कागदोपत्री त्या समुपदेशक होत्या, पण त्या शब्दावर भल्याभल्यांची जीभ अडखळायची. तेव्हा गणिताच्या बाई, चित्रकलेच्या बाई, तशा या बोलायच्या बाई. शहराच्या या अंगाच्या साऱ्या शाळा त्यांच्या एकटीच्या गळ्यात होत्या. पुलाजवळची ही, टेकडीवरची, कापडबाजारामागची आणि गोदामांच्या वस्तीतली, जिथे आज दुपारी त्यांना पोचायचं होतं. प्रत्येकीच्या वाट्याला आठवड्यातले काही तास. “म्हणजे पोरांनी दुःखी व्हायचं ते बुधवारी सकाळी. गुरुवारी झालात तर आठवडाभर थांबा,” असं त्यांचा नवरा म्हणायचा. तो पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. “आमचं बरं असतं. बिघडलेला पंप निदान घरघरतो. तुमच्याकडे बिघडलेलंही ‘बरंय’ म्हणतं.” बाई हसायच्या आणि हसताना त्यांना आतून चीड यायची, कारण तो खोटं बोलत नव्हता. या शाळेत त्यांना बसायला मिळाली होती ती कोठीची खोली. मोडके बाक, नकाशांच्या गुंडाळ्या, एका पायाने अधू झालेला फळा. दाराला कडी नव्हती. एखादं मूल रडू आवरत दोन शब्द जुळवायला लागावं, आणि दार ढकलून कुणीतरी विचारावं, “इथे खडूंचा खोका होता, तो कुठे गेला?” बाईंनी कडी मागितली. तोंडी मागितली, लेखी मागितली, खात्याच्या बैठकीत उभं राहून मागितली. मग एक दिवस शहरभरच्या शाळांसाठी योजना आली. खोलीला पिवळाधमक रंग लागला, भिंतीवर दात दाखवून हसणारा सूर्य आला, बसायला गुबगुबीत गाद्या आल्या, वर ‘मनमोकळा कक्ष’ अशी पाटी आली. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात काच बसवली, आत काय चाललंय ते सगळ्यांना दिसावं म्हणून. कडी काही आली नाही.

“दात दुखला की आपण दाताच्या डॉक्टरकडे जातोच ना? मग मन दुखलं तर लाज कसली?” मुख्याध्यापिका माईकवरून म्हणत होत्या, आणि बाईंचे कान तापले. वाक्य त्यांचंच होतं. शिक्षकांच्या शिबिरात त्यांनीच ते टाकलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या, घरी येऊन नवऱ्याला सांगितलंही होतं की आज एक वाक्य छान जमलं. आता ते दुसऱ्याच्या तोंडून येत होतं, जसे आपले कपडे दुसऱ्याच्या अंगावर दिसावेत. कापड तेच, शिवण तीच, चूक काढावी म्हटलं तर बोट ठेवायला जागा नाही. बरं, मुख्याध्यापिका वाईट म्हणाव्यात तर तेही नाही. शाळा सुटल्यावर शेवटचं मूल फाटकाबाहेर पडेपर्यंत त्या उन्हात उभ्या राहायच्या. कुणाच्या चपला तुटल्यात हे त्यांना लांबून कळायचं. मनाने सोन्यासारख्या. दुष्ट माणसावर निदान तोंडभर रागावता येतं. या बाईवर रागवायचं तर आधी स्वतःलाच समजवावं लागे, आणि तेवढ्यात राग शिळा होऊन जाई.

आणि ती मुलगी. हजेरीच्या वेळी ती तोंडाने ‘हजर’ म्हणेनाशी झाली, नुसता हात वर करायची, म्हणून वर्गशिक्षिकेने तिला बाईंकडे धाडली होती. ती यायची, खिडकीशी बसायची, तास संपल्याची घंटा झाली की मान हलवून जायची. सुरुवातीला बाईंनी शिकलेलं सारं करून पाहिलं. चित्र काढ म्हणाल्या, तर तिने कागदाला नीट चौकट आखली आणि आत काही काढलं नाही. चेहऱ्यांची चित्रं पुढे ठेवून यातला तुझा कुठला म्हणाल्या, तर तिने ती एकावर एक रचून परत केली. मग एकदा तिची आत्या भेटायला आली. आत्या बोलायला मोकळी होती, पण बोलताना तिची नजर सारखी पोरीकडे जायची, आणि उठताना ती पोरीला म्हणाली, “बाबांना सांग, मी शाळेत जाऊन आले. आणि सांग, पुढच्या वेळी त्यांची पाळी. आणि ते काय म्हणाले ते मला सांग.” तेव्हा बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मुलीची आई गेल्यावर आत्या घर सांभाळायला आली होती. ती आणि मुलीचा बाप सख्खी भावंडं, पण आईच्या आजारपणात कशावरून तरी बिनसलं ते बिनसलंच. एका छपराखाली राहायची, एका टेबलावर जेवायची, आणि एकमेकांशी अवाक्षर नाही. जे काही बोलायचं ते पोरीच्या तोंडून. दिवा बंद करायला सांग. मीठ कमी पडलंय म्हणून सांग. मला असलं ऐकून घ्यायची सवय नाही म्हणून सांग. भांड्यांची आदळआपट सोडली तर त्या घरात एकच आवाज चालता होता, आणि तो सारखा कुणीतरी उसना नेलेला.

एवढं कळल्यावर काहीतरी करता यायला हवं होतं. बाईंनी बापाला बोलावणं पाठवलं. तो आला नाही. आत्याला पुन्हा बोलावलं, तर तिने पोरीकडूनच निरोप धाडला की सवड नाही. त्यानंतर बाईंनी विचारणं सोडून दिलं. यात कुठली पद्धत-बिद्धत नव्हती, त्या थकल्या होत्या. मुलगी खिडकीबाहेर बघायची आणि बाई रंगीत पेन्सिलींना टोक काढत बसायच्या. सालपटं गोल गोल पडत राहायची. कधी मुलगी एखादं सालपट उचलून बोटाला गुंडाळायची. बुधवारमागून बुधवार असेच गेले. महिन्याच्या अहवालात बाई ‘प्रगती संथ’ असं लिहायच्या, आणि लिहिताना त्यांना वाटायचं, संथ तरी कशाला म्हणायचं? संथ पाणी निदान वाहतं. घरी जाताना बसमध्ये त्या स्वतःवर धुमसायच्या. शहरात एवढी पोरं दाराबाहेर ताटकळत असताना आपण एका पोरीसमोर बसून पेन्सिली तासतो, याला काम म्हणायचं का?

“बाई, तुम्ही तर ओळखाल. कुठं आहे ती? दाखवा बरं.” मुख्याध्यापिकांनी माईक त्यांच्या तोंडापुढे धरला होता. बाईंनी पाहिलं. मुलगी सरळ त्यांच्याकडेच बघत होती. रांगेत काहीतरी चुळबुळ झाली. एक पाण्याची बाटली या हातातून त्या हातात गेली.

“ती आज आलेली नाही,” बाई म्हणाल्या.

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, पलीकडच्या इमारतीच्या भिंतीवर आपटून पुन्हा परत आलं. नववीच्या रांगेत एक वेगळाच हशा उसळला. मुलीची नजर हलली नाही, आणि त्या नजरेत बाईंना आभार दिसले. त्यांच्या छातीतून एक मोठा श्वास सुटला. शेवटी फीत सहावीतल्या एका गोलमटोल पोराने कापली, जो बाईंकडे मुळात गणिताचा तास चुकवायला यायचा. कात्री बोथट होती. त्याने फीत जवळजवळ चावूनच तोडली, टाळ्या पडल्या, वर्ग आत गेले.

कक्षात साहेबांचं भाषण चालू होतं. बाई भिंतीवरल्या सूर्याच्या दातांकडे बघत होत्या आणि त्यांना दादा आठवत होता. थोरला भाऊ. लहानपणी घरी पाहुणे आले की म्हणायचे, मुलगा किती गुणी, घरात आहे की नाही कळतसुद्धा नाही. आई ते अभिमानाने शेजारणींना सांगायची. एकदा सगळे बाहेर निघाले, दाराला कुलूप घातलं आणि दिवसभर भटकून परतले, तर दादा दाराच्या आतल्या बाजूला पायरीवर बसलेला. तो माळ्यावर वाचत पडला होता, कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आई कासावीस झाली. म्हणाली, “अरे, हाक का नाही मारलीस?” दादा म्हणाला, “तुम्ही लांब गेला होता.” आई रडली, बाबा हसले, आणि पुढे कित्येक वर्षं ती घरातली गमतीची गोष्ट होऊन बसली. दादा आता परगावी असतो. फोन करतो, तुमच्याकडे ऊन कसं आहे विचारतो, आमच्याकडे बरं आहे म्हणतो आणि ठेवतो. बाई या कामात का आल्या, असं मुलाखतीत विचारलं होतं तेव्हा त्यांनी समाज, तरुण पिढी वगैरे सांगितलं होतं. ती पायरी त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. आणि आज एवढी वर्षं काम करून त्यांच्या पदरात काय पडलं होतं? पिवळा रंग आणि काचेचं दार. साहेब म्हणत होते की या शहरातलं एकही मूल यापुढे एकटं पडणार नाही. चहा आला. बाईंनी कप घेतला, तसाच खिडकीत ठेवला, “दुपारची शाळा आहे,” असं कुणाला तरी पुटपुटल्या आणि बाहेर पडल्या.

पुलाखालच्या बसथांब्यावर, बाकाच्या टोकाला, मांडीवर दप्तर घेऊन ती मुलगी बसली होती.

“तू इथे?”

मुलीने सरकून जागा करून दिली. बाई बसल्या. नेहमीसारखी मान हलेल आणि संपेल, असं धरून त्यांनी विचारलं, “बरं वाटत नाहीये का? घरी चाललीस?”

“नाही.”

आवाज जाडसर होता, बरेच दिवस न उघडलेल्या खणासारखा. बाईंनी इतक्या बुधवारांत तो पहिल्यांदा ऐकला.

“मग?”

“मी आज आलेली नाही ना.”

बाईंना हसू आलं. तिने गंमत केली असं वाटलं त्यांना. मग तिच्याकडे पाहिलं आणि हसू विरलं. मुलगी समोरच्या रस्त्याकडे बघत, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवावा तशी सांगत होती. “हजेरी चालू होती. माझं नाव आलं, मी हात वर केला. मागचे ओरडले, बाई, ती आलेली नाही, माईकवर सांगितलंय. सगळे हसले. वर्गाच्या बाईपण हसल्या. मग कुणीतरी म्हणालं, इथे कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. मग मी दप्तर घेतलं.”

“आणि फाटकावर?”

“पोट दुखतंय म्हटलं.”

“हे बघ,” बाई म्हणाल्या, आणि आपला आवाज शिबिरातल्यासारखा गोड झालाय हे त्यांना कळलं, तसा त्यांनी तो टाकून दिला. “मी ते तुझ्यासाठी म्हणाले. सगळ्यांदेखत तुला पुढे यावं लागू नये म्हणून.”

“मी येत होते.”

“काय?”

“मी येत होते. पाण्याची बाटली पुढचीच्या हातात दिली होती. पाय उचलला होता. मग तुम्ही म्हणालात.”

रस्त्यावरून एक मालट्रक गेला. त्याच्यावर पत्रे लादले होते आणि तो जाईपर्यंत काही ऐकू येणं शक्य नव्हतं. तेवढा वेळ बाईंना हवाच होता. बाटली त्यांनी पाहिली होती. या हातातून त्या हातात जाताना पाहिली होती. आणि आभार? ते कुठून वाचले मग त्यांनी? एवढा वेळ त्या मनातल्या मनात मुख्याध्यापिकांवर दातओठ खात होत्या, सूर्यावर, काचेवर, साहेबांच्या गुळगुळीत वाक्यांवर. आणि पोरगी भर मैदानात पाय उचलते आणि तिला जागीच थांबवणारं तोंड नेमकं आपलं निघतं. घरी दोघं तिच्या तोंडून बोलतात. आज आपणही तिच्या वतीने बोलून मोकळे झालो. तिसरे. की पोरगी आता हे रचून सांगते आहे? खरंच पाय उचलला होता का? बाईंना खात्री करून घ्यावीशी वाटली, आणि खात्री करून घ्यावीशी वाटली याचीच शरम वाटली.

बस आली. गोदामांच्या शाळेकडे जाणारी तीच बस होती. तिथे दोघी बहिणी वाट बघत असतील, धाकटी बोलायची आणि थोरली तिला चिमटे काढायची त्या. गेल्या वेळी साहेबांच्या बैठकीपायी त्यांची भेट बुडली होती. बसचं दार उघडं राहिलं, चालकाने भुवया उंचावल्या. बाई अर्ध्या उठल्या, बसल्या. दार मिटलं. एकीला ताटकळत ठेवल्याशिवाय दुसरीचं ऐकताच येऊ नये, अशी ही नोकरी कुणी आखली असेल? बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या तिला मनातल्या मनात शिव्या घालत राहिल्या.

“चल,” त्या म्हणाल्या.

“कुठे?”

“शाळेत. तू आली आहेस, हे मला सांगायचंय.”

“आता? संपलं असेल.”

“पाहुण्यांचा चहा एवढ्यात संपत नाही.”

मुलीने जरा विचार केला. मग दप्तर पाठीला लावलं आणि पुढे चालू लागली, बाईंसाठी न थांबता. तिच्या मागून जाताना बाई वाक्यं जुळवत होत्या. मी मुद्दाम खोटं बोलले. का बोलले? कारण तुम्ही तिचं नाव असं पुकारायला नको होतं. मग माझ्या वाक्याचं काय? मीच म्हटलं होतं ना, लाज कसली म्हणून? प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या पायात पाय घालत होतं. फाटकातून आत शिरताना मुलीचा वेग कमी झाला नाही. बाईंचा झाला.

कक्षात बिस्किटांची बशी फिरत होती. “ही आज आली आहे,” बाई दारातूनच म्हणाल्या. आवाज गरजेपेक्षा मोठा आला. “मघाशी मी खोटं बोलले. सगळ्यांसमोर.”

“अगंबाई, बरं झालं!” मुख्याध्यापिकांनी मुलीचा दंड मायेने धरून तिला आत ओढलंच. “अहो, असू दे हो. एवढ्या गर्दीत दिसली नसेल तुम्हाला.”

“दिसली होती.”

“होतं असं. चहा घेतलात का तुम्ही?”

गुन्हा कबूल करायला जावं आणि समोरच्याने पाट पुढे करावा, तसं झालं. तोवर मुलीला साहेबांच्या शेजारी, सूर्याच्या खाली उभं केलं होतं. फोटो निघाला. ती हसली नाही, पण वाकडीही झाली नाही. मग साहेबांनी, एव्हाना किती शाळांत विचारून गुळगुळीत झालेला प्रश्न विचारला, “काय बाळ, इथे येऊन कसं वाटतं?” त्यांचा मदतनीस वही उघडून तयारच होता. मुख्याध्यापिका पुढे झुकल्या. त्यांच्या ओठांवर उत्तर आलं होतं, बाईंना ते दिसलं. बाईंच्या स्वतःच्या ओठांवरही आलं होतं. ती बोलत नाही साहेब, ती जरा अबोल आहे. बाईंनी दात आवळून धरले. हिरड्या दुखल्या.

साहेबांनी बिस्कीट हातातच धरलं. मदतनीसाने पेन झटकलं. मुलगी छताकडे बघत होती, खरोखर विचारात पडलेल्या माणसासारखी.

“इथे गप्प बसता येतं,” ती म्हणाली.

साहेब हसले. “अगं, पण या तर बोलायच्या बाई ना?”

“हो. पण त्या गप्प बसू देतात. कुणाला काय सांगायचं ते सांगत नाहीत.”

मुख्याध्यापिका गोंधळून बाईंकडे पाहू लागल्या. बाईंना कळेना, कानाखाली बसली की पाठीवर हात पडला. सारे बुधवार त्यांनी मनात पुन्हा उलटून पाहिले. त्यांना घसा खाकरायचा होता, तोही त्यांनी खाकरला नाही.

“छान, छान,” साहेब म्हणाले आणि मदतनीसाकडे वळले. “लिही, इथे आल्यावर मन मोकळं करता येतं.”

“तसं नाही म्हणाली ती,” बाई म्हणाल्या.

“भावार्थ तोच हो.”

“तिने म्हटलंय तेच लिहा साहेब.”

आता मात्र खोलीला कळलं की काहीतरी बिघडलंय. साहेबांनी बिस्कीट बशीत ठेवलं. मुख्याध्यापिका डोळ्यांनी बाईंना सोडा सोडा म्हणत होत्या. मदतनीस कोवळा होता, नोकरीत नवा. त्याने साहेबांकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर त्याला सुटका दिसली नाही, तेव्हा तो सरळ मुलीकडे वळला. त्याच्याआधी त्या दिवसात कुणीच असं केलं नव्हतं.

“शांत लिहू का?” त्याने हळूच विचारलं. “इथे शांत बसता येतं. वाचायला जरा बरं दिसेल.”

मुलीने तो शब्द तोंडात घोळवून पाहिला असावा. ओठ हलले, आवाज आला नाही. साहेब घड्याळ बघत होते.

“नको,” ती म्हणाली. “गप्पच लिहा.”